आरएक्स 100 चा पिकअप वाढवायचाय? गॅरेजला पैसे देण्याआधी हे समजून घ्या

नांदेडच्या आयटीआय चौकात किंवा लातूरच्या गांधी चौकात सिग्नल सुटला, की दहा-वीस नव्या गाड्यांच्या आवाजातून एक वेगळाच आवाज येतो. टणटणीत, पातळ आणि जरा चिडका. मागे निळसर धुराची रेघ. मान वळवून बघायच्या आधीच लोक ओळखतात, आरएक्स आली.

ही गाडी बंद होऊन तीस वर्षं होत आली. तरी मराठवाड्यात कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या आखाड्यावर ताडपत्रीखाली, कुणाच्या वाड्याच्या ढाळजेत ती अजून उभी आहे. वडिलांनी किंवा काकांनी घेतलेली असते. आता घरातला पंचविशीतला पोरगा ती बाहेर काढतो, धूळ पुसतो, गॅरेजला नेतो. तिथे पहिलाच प्रश्न येतो, "नुसती चालू करायची का पिकअप वाढवायचा?"

आणि मग यादी सुरू होते. एक्सपान्शन सायलेन्सर लावू, पोर्टिंग करू, मोठा कार्बोरेटर बसवू, 135 चा ब्लॉक टाकू. यातलं नेमकं काय केलं तर काय होतं? कशाने गाडी सुधारते आणि कशाने भर उन्हात रस्त्यावर जाम होते? एकेक करून बघू.

गाडी मुळात होती कशी?

एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहासोबत मिळून आरएक्स 100 भारतात आणली ती 1985 च्या शेवटी. त्याच काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी 100 आणि कावासाकी बजाज केबी 100 अशा जपानी तंत्राच्या 100 सीसी गाड्या बाजारात उतरत होत्या. त्यातली हिरो होंडा फोर-स्ट्रोक होती, मायलेजवाली. आरएक्स होती टू-स्ट्रोक, पिकअपवाली. 1996 मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि तिचं उत्पादन थांबलं.

आकडे साधेच आहेत. बोअर 50 मिमी, स्ट्रोक 50 मिमी. म्हणजे इंजिन 98 सीसीचं. ताकद सुमारे 11 बीएचपी, तीही 7500 आरपीएमला. गिअर चार. वजन साधारण 100 किलो. आजच्या 150 सीसीच्या गाड्यांपुढे 11 बीएचपी काहीच वाटत नाही. पण गाडी इतकी हलकी आहे, की मूठ पिळताच ती पुढे झेपावते. लोकांच्या लक्षात राहिली ती हीच झेप.

ही झेप वाढवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. तुमच्या गाडीत आज ते 11 बीएचपी शिल्लक तरी आहेत का?

पहिला अपग्रेड म्हणजे हरवलेली ताकद परत आणणं

माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना जाणकार माणूस आधी दात बघतो, पाय बघतो. चाल त्यानंतर. तीस-पस्तीस वर्षांच्या इंजिनाचंही तसंच आहे. वरच्या वस्तू लावण्याआधी आतलं तपासावं लागतं.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची क्रँकची पेटी हाच एक पंप असतो. पिस्टन वर गेला की हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटीत ओढलं जातं, खाली आला की तेच दाबून वर सिलेंडरमध्ये ढकललं जातं. त्यामुळे ही पेटी हवाबंद असणं सगळ्यात महत्त्वाचं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. तीस वर्षांत ते कडक होतात, चिरतात.

मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं, की बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन चिकटतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं, तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं. धूर वाढतो आणि गिअर ऑइल आपोआप कमी होतं. दोन्ही सील बदलणं हे मोठ्या कार्बोरेटरपेक्षा खूपच स्वस्त काम आहे. पण इंस्टावर टाकण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून ते राहून जातं.

दुसरी जागा सायलेन्सर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत ऑइलही जळतं. त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या नळीत आणि सिलेंडरच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये साचते. वाट अरुंद झाली, की गाडीचा दम कोंडतो. नुसती ही काजळी साफ केल्यावर गाडी "नवीन झाली" असं वाटणारे बरेच जण आहेत.

तिसरी जागा पिस्टन, रिंग आणि रीड व्हॉल्व्ह. रीड म्हणजे मिश्रण आत घेऊन मागे जाऊ न देणारी पातळ पाती. पातीची कड उचललेली किंवा तुटलेली असेल, तर किक मारताना त्रास होतो आणि खालच्या आरपीएमला गाडी अडखळते.

याशिवाय घसरणाऱ्या क्लच प्लेटा, ताणलेली चेन, झिजलेला कार्बोरेटर. हे सगळं जागेवर आल्यावर गाडी आठ-पंधरा दिवस चालवून बघावी. पुष्कळदा पिकअपची हौस इथेच फिटते.

"बोअरिंग केलं, आता 105 झाली" हे खरं का?

सिलेंडर झिजला की लेथवर बोअर मोठा करून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला, तर 98 सीसीचं इंजिन जेमतेम 100 सीसीचं होतं. पूर्ण एक मिलिमीटर मोठा टाकला, तरी 102 सीसी. म्हणजे वाढ फक्त चार टक्के. बोअरिंग ही दुरुस्ती आहे. ताकद वाढवायचा मार्ग ती नाही.

उलट प्रत्येक बोअरिंगमध्ये सिलेंडरचं थोडं धातू कायमचं जातं. शेवटच्या मापापर्यंत पोहोचलं, की नवी स्लीव्ह बसवावी लागते. म्हणून लेथवाल्याला "जास्त मोठं कर" म्हणू नये. झीज निघेल एवढंच कमीत कमी माप घ्यावं. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाने करून घ्यावा. नंतर पहिले काहीशे किलोमीटर मूठ दाबात ठेवावी.

एक्सपान्शन सायलेन्सर नेमकं काय करतो?

टू-स्ट्रोकची एक जुनी खोड आहे. जळालेला धूर बाहेर जाताना थोडं ताजं पेट्रोलही न जळता सोबत निसटतं. ताकद वाया जाते आणि प्रदूषणही होतं.

यावरचा उपाय शर्यतीच्या गाड्यांवर विकसित केला तो पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वॉल्टर काडेन या इंजिनिअरने, 1950 च्या दशकात. सायलेन्सरच्या आधी नळी आधी फुगवायची आणि मग परत निमुळती करायची. धुराच्या दाबाची लाट फुगीर भागात गेली, की सिलेंडरमधून ओढ लागते. ती निमुळत्या भागावर आपटून परत फिरली, की निसटलेलं पेट्रोल पुन्हा सिलेंडरमध्ये ढकललं जातं. 1961 मध्ये एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पूर्व जर्मनी सोडून पळाला आणि सुझुकीकडे गेला. सोबत हे ज्ञानही गेलं. पुढच्याच वर्षी सुझुकीने 50 सीसीचं जागतिक विजेतेपद जिंकलं. जपानी टू-स्ट्रोकच्या दबदब्यामागे ही अशी गोष्ट आहे.

पण यात एक अडचण आहे. 7500 आरपीएमला क्रँकचा एक फेरा 8 मिलिसेकंदांत पूर्ण होतो. परत फिरणारी लाट पोर्ट बंद व्हायच्या नेमक्या आधी पोहोचली, तरच फायदा. 4000 आरपीएमला फेरा 15 मिलिसेकंदांचा होतो, मग तीच लाट अवेळी पोहोचते. थोडक्यात, कोणतीही एक्सपान्शन नळी एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच काम करते.

म्हणून दिसायला भारी नळी आणली, वेल्डिंग करून बसवली, असं करून भागत नाही. तिची लांबी आणि शंकूचा उतार त्या इंजिनाच्या पोर्टशी जुळावा लागतो. जुळला नाही तर आवाज वाढतो, खालचा दम जातो आणि ताकद तिथल्या तिथे राहते. आवाज मोठा झाला म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटतं, हा यातला सगळ्यात मोठा भ्रम.

पोर्टिंग: एकदा घासलं की परत येत नाही

सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड घासून उंच केली, की ते लवकर उघडतं. जास्त आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेतं आणि वरची ताकद वाढते.

ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. त्यामुळे ताकदीचा आकडा वाढवायचा सोपा रस्ता म्हणजे तोच टॉर्क वरच्या आरपीएमला मिळवणं. पण त्याची किंमत खाली मोजावी लागते. डबलसीट बसून तिसऱ्या गिअरवर चढ चढणारी गाडी मग सारखा गिअर पाडायला लावते. देवणी बैलाला शंकरपटात पळवायला गेलं, तर त्याचं ओढकामही जातं आणि शर्यतही जिंकता येत नाही. तसंच काहीसं.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा रस्ता डोळ्यासमोर आणा. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण 360 मीटरवर आहे, लातूर 630 च्या आसपास. अधेमधे बालाघाटचे चढउतार, गावागावांत गतिरोधक. या रस्त्यावर सतत 8000 आरपीएमची काय गरज? इथे मधला टॉर्क लागतो, आणि कंपनीने गाडी त्यासाठीच बनवली होती.

शिवाय पोर्ट घासणं हे परत न फिरवता येणारं काम आहे. कड दोन्ही बाजूंनी सारखी नसेल किंवा धार राहिली, तर रिंग अडकून तुटते आणि सिलेंडर, पिस्टन दोन्ही जातात. करायचंच असेल, तर मूळ ब्लॉक गुंडाळून घरी ठेवावा आणि प्रयोग दुसऱ्या ब्लॉकवर करावा.

कार्बोरेटर, एअर फिल्टर आणि हेड

बाकी काही न बदलता नुसता मोठा कार्बोरेटर लावला, तर कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो. पेट्रोल नीट फवारलं जात नाही आणि गाडी भकभक करते. एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला, तर हवा वाढते पण जेट तेच राहतं. मिश्रण पातळ होतं. वर मराठवाड्याची धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते.

मिश्रण बरोबर आहे का, हे प्लग सांगतो. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर ठीक. काळं, ओलसर असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, आणि हाच खरा धोक्याचा रंग. ऑइल टाकीतच मिसळलेलं असेल तर तेही पेट्रोलसोबतच येतं, त्यामुळे मिश्रण पातळ झालं की इंजिन दुहेरी मरतं.

हेड थोडं घासून कॉम्प्रेशन वाढवणं हा उपाय खालपासून वरपर्यंत थोडा फायदा देतो. पण मर्यादा ओलांडली, तर पेट्रोल अवेळी भडकतं. इंजिनातून खडखड येते आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं. नांदेडात मे महिन्यात पारा 42 अंशांपलीकडे जाणं नवीन नाही. ही गाडी नुसत्या हवेवर थंड होते, हे विसरू नये.

135 चा ब्लॉक टाकला तर?

आरएक्स 135 चा बोअर 58 मिमी आणि स्ट्रोक तोच 50, म्हणजे 132 सीसी. सगळ्या उपायांत खरी, जाणवणारी वाढ इथे मिळते, आणि तीही टॉर्कमध्ये. पण मोठी स्लीव्ह बसवायला मूळ क्रँककेसचं तोंड मोठं करावं लागतं. म्हणजे इंजिन नंबर कोरलेली, पुन्हा न मिळणारी केस कायमची कापली जाते. 98 सीसीसाठी बनवलेल्या क्लच, बेअरिंग आणि ब्रेकवर जादा भार येतो तो वेगळाच. आणि आरसी बुकात सीसी 98 च राहतात.

स्वस्तातला उपाय, ज्याबद्दल कुणी बोलत नाही

स्प्रॉकेट. समजा पुढच्या स्प्रॉकेटला 14 दात आहेत आणि तुम्ही 13 चं लावलं. चाकावर पोहोचणारी ओढ सात ते आठ टक्क्यांनी वाढते. टॉप स्पीड तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. इंजिनाला हात लागत नाही आणि आवडलं नाही तर अर्ध्या तासात परत फिरवता येतं. शहरातल्या शहरात चालवणाऱ्याला पिकअप म्हणजे हेच हवं असतं.

इथेनॉलचा विषय वेगळाच

2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं, आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. ऊस मांजरा पट्ट्यातला असो की कोल्हापूरचा, इथेनॉल शेवटी टाकीत येतं. 1985 ते 96 मधली गाडी मात्र त्यासाठी बनलेली नव्हती.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला साधारण 14.7 भाग हवा लागते. ई-20 ला साधारण 13.5 भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. जुनं जेट तसंच ठेवलं, तर मिश्रण आपोआप पातळ होतं. म्हणून ई-20 वर प्लगचा रंग बघून गरजेप्रमाणे मेन जेट एखाद्या नंबरने मोठं करणं हा आजच्या काळातला खराखुरा उपयोगी बदल आहे.

इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची रबरं आजच्या इंधनाला चालणारी घ्यावीत.

ऑइलचंही तसंच. आरएक्सला ऑइलचा वेगळा पंप आहे, मूठ पिळेल तसं ऑइल वाढतं. पुष्कळ गॅरेजवाले तो बंद करून ऑइल थेट टाकीत मिसळायला सांगतात. 40 ला 1 प्रमाण धरलं तर लिटरमागे 25 मिली. अंदाजपंचे "एक झाकण" चालत नाही. टाकीत ऑइल मिसळणाऱ्याने लांब उतारावर मूठ पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडू नये. पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं, पिस्टन मात्र पळतच असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम 190 खाली 10 हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द, हा वेगळा हिशोब.

"पण आपली तर व्हिंटेज गाडी आहे" असं म्हणून सुटका होत नाही. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी. सगळ्यात पहिली आरएक्स 100 सुद्धा 2035 च्या आधी त्यात बसत नाही. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज रस्त्यावर चालवायलाही परवानगी नाही. तोवर एमएच 26 असो की एमएच 24, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावीच लागते. तिथे गाडी तपासली जाते, इंजिन आणि चेसी नंबर जुळावे लागतात. 2025 पासून 20 वर्षांवरच्या दुचाकीला त्यासाठी 2 हजार रुपये फी आहे.

मग करायचं काय?

गाडी रविवारी गावात फिरवायची असेल, तर सील, रिंग, रीड, साफ केलेला मूळ सायलेन्सर आणि ई-20 ला जुळवलेलं जेट. बस.

रोज शहरात वापरायची असेल, तर वरचं सगळं आणि लागलं तर एक दात कमी असलेलं स्प्रॉकेट.

शर्यतीची हौस असेल, तर ती बंदिस्त ट्रॅकवर, वेगळं इंजिन घेऊन. तिथे सायलेन्सर, पोर्ट, कार्बोरेटर, हेड हे सगळं एकमेकांना जुळवून, जाणकार ट्यूनरकडून. एकेक वस्तू सुटी आणून लावली तर पैसा जातो आणि गाडीही.

कुठल्याही पर्यायात एक नियम पाळा: एका वेळी एकच बदल, आणि काढलेला मूळ पार्ट कधीच भंगारात द्यायचा नाही. आज "जुना आहे, ठेवून काय करता" म्हणून मागितलेला मूळ सायलेन्सर किंवा कार्बोरेटर उद्या शोधून मिळत नाही. त्याच्या जागी डुप्लिकेट मिळतो.

आणि एक हिशोब. वेग 60 वरून 80 वर गेला, तर गाडी थांबवायला लागणारं अंतर सुमारे पावणेदोनपट होतं. आरएक्सला पुढेमागे ड्रम ब्रेक आहेत आणि टायर अरुंद. इंजिनावर खर्च करण्याआधी ब्रेक लायनर, टायर आणि हेल्मेटचे पैसे बाजूला काढा. वडिलांनी ज्या गाडीवर तीस वर्षं काढली, ती पहिल्याच महिन्यात चौकात थांबायला हवी तिथे थांबली नाही, तर तिच्या पिकअपचं कौतुक कोण करणार?